पंधरा अंश

"आधी तू काय केलंस ते टाक. इथं आयतं उत्तर मिळत नाही," अकरावीच्या फिजिक्स ग्रुपवर पहिलाच मेसेज आला.

तिनं दातओठ खाल्ले. एक वाजून दहा झाले होते. दीडला जेवणाची सुट्टी संपणार आणि साइटवर क्रेन दोन टनांचं मशीन उचलणार. ते बांधायचं काम तिच्या बाबांचं, आणि खाली उभं राहून इशारे द्यायचं कामही बाबांचंच.

बाबांनी फोटो पाठवला होता. लांब दोर दुसऱ्या साइटवर गेलेले, म्हणून हुकापासून मशीनच्या दोन टोकांना आखूड दोर लावलेले, जवळजवळ आडवे. "मास्तरीणबाई, माझ्या मनाला हे पटत नाही," ते फोनवर म्हणाले होते. "पण सुपरवायझर म्हणतो, दोन टन, दोन दोर, एकेकावर एक टन. दोर आहे तीन टनांचा. मनाचं सांगू नका मामा, आकडा दाखवा म्हणतो. तेवढा काढून दे बघू."

मोबाइलवर कोनमापक टेकवून तिनं कोन मोजला. पंधरा अंश. गणित केलं, तर एकेका दोरावर जवळजवळ चार टन! अख्खं ओझंच दोन टनांचं, मग चार आले कुठून? कुठंतरी माती खाल्ली आपण, असं तिला वाटलं. ग्रुपवर फक्त गृहपाठ चालायचा. म्हणून तिनं हा प्रश्न पुस्तकातलं गणित म्हणूनच टाकला होता.

आता तिनं वहीचं पान टाकलं.

'न्यूटनचा जावई' लगेच उगवला. "साइन नाही गं, कॉस घे. एक टन येतो. सोप्पंय." चारजणांनी त्याला अंगठे दिले.

एक टन. सुपरवायझरचंच उत्तर. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच राग आला. वहीत खाडाखोड करायला पेन उचललं, पण हात पुढं जाईना.

एक बावीस. बाबांचा मेसेज आला. "काय करू?"

तेवढ्यात 'शेवटचा बाक' नावाच्या कुणीतरी लिहिलं, "तुझंच बरोबर आहे. दोर जितके आडवे तितका ताण जास्त. कपड्यांची दोरी ताठ बांधून मध्ये एक ओली चादर टाकून बघ. पण तुझ्या पुस्तकात छपाईची चूक आहे. पंधरा नाही, पंचाहत्तर असणार. असं वेड्यासारखं कोण टांगतं?"

तिनं फोन लावला. "बाबा, चार! एकेका दोरावर चार टन! खालून बाजूला व्हा!"

बाबांनी फोन चालूच ठेवला. मग त्यांचा आवाज आला, अगदी शांत. "साहेब, आकडा चार आलाय. तुमचा एक टनच खरा असेल, तर खाली तुम्ही उभे राहा. इशारे मी लांबून देतो."

तिनं फोन कानात खुपसला होता.

"हुक सोडा रे," शेवटी सुपरवायझर म्हणाला. "लांब दोर मागवा."

ती ढसाढसा रडली.

ग्रुपवर 'शेवटचा बाक' विचारत होता, "काय गं, होती ना चूक?"

"हो," तिनं लिहिलं. "आत्ताच दुरुस्त झाली."