लिटरला दहा जास्त

बळवंतरावांनी करोल बागेतून पेट्रोल वाचवणारं यंत्र आणून मोटारसायकलला बसवलं. त्यांच्या मते गाडी लिटरला चक्क दहा किलोमीटर जास्त देऊ लागली. आता एवढी मोठी बातमी पोटात ठेवायची कशी? दर रविवारी मयूर विहारहून त्यांची स्वारी निघे. कधी गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या साडूंकडे, कधी नोएडाला, कधी थेट फरीदाबादला. महिनाभर पुरणारी टाकी आठवड्यात कोरडी पडू लागली.

"अहो, ते यंत्र काढून टाका. पेट्रोल वाचेल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

पुढच्याच रविवारी यमुनेच्या पुलावर दोघं गाडी ढकलत होती. एक स्कूटरवाला थांबला. "क्या हुआ, भाईसाब?"

बळवंतरावांचा चेहरा खुलला.


"पेट्रोल खत्म हो गया. लेकिन ॲव्हरेज पूछो!"