तोर्ग्रिमच्या नावाचं फावडं

बुटांची पिशवी खांद्याला लावून तोर्ग्रिम फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकातून आत शिरला, तेव्हा अख्खं स्कार्वोय गाव कमरेइतक्या बर्फात उभं होतं. एप्रिल लागला होता, रविवारी मोसमातला पहिला सामना होता, आणि मैदान कुठं आहे हे फक्त गोलच्या खांबांवरून कळत होतं. म्हणून श्रमदान. दरसालचंच. दंतवैद्य येतो, पाद्री येतो, कोळी येतात. न येणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. फक्त पुढं वर्षभर त्याच्याशी हवामानाखेरीज दुसरं काही बोलत नाहीत.

करारातल्या खेळाडूंनी मात्र फावड्याला हात लावायचा नाही. पूर्वी एका खेळाडूची कंबर इथंच धरली. तो अजून तसाच वाकलेला आहे, आणि लग्नानंतर बायकोला त्याचं तोंड दिसलेलं नाही, असं वाफली, म्हणजे जाळीदार गोड पोळ्या, भाजणारी गुन्व्होर शपथेवर सांगते. तेव्हापासून खेळाडू क्लबघरात काचेमागं कोकोचे पेले धरून बसतात आणि गाव बर्फ उपसतं.

पंधरा मोसम तोर्ग्रिम त्या काचेमागं बसला होता. बचावफळीतला मधला खेळाडू, या एका क्लबाखेरीज दुसऱ्याचा शर्ट कधी अंगात न घातलेला. त्याचा करार नाताळातच संपला होता. आणखी एक वर्ष, एवढंच त्याला हवं होतं. अध्यक्ष ओड्व्हार जानेवारीत म्हणाला, "बोलू." फेब्रुवारीत म्हणाला, "बोलू की." हिवाळाभर तोर्ग्रिम सगळ्यांबरोबर सराव करत राहिला आणि त्याला कुणी नको म्हटलं नाही. नको म्हटलं नाही म्हणजे हो, असं त्यानं धरलं. इथं जन्म काढलेल्या माणसानं ही चूक करायला नको होती.

तो क्लबघराकडे वळला, तर वाटेत ओड्व्हार. हात पाठीमागं.

"आलास का! वारा आहे, नाही?"

"आहे."

"उद्या पडेल म्हणतात."

"म्हणू देत."

मग ओड्व्हारनं पाठीमागचं पुढं केलं. नवंकोरं फावडं. दांड्यावर लाल रंगात, वळणदार अक्षरात लिहिलेलं: तोर्ग्रिम.

"बायकोनं रंगवलं," ओड्व्हार फावड्याकडे बघत म्हणाला. "तिचं अक्षर चांगलंय."

"चांगलंय."

"आणि कडा प्लास्टिकची आहे. खालचं गवत कापत नाही."

तोर्ग्रिमनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. रंग खडखडीत वाळला होता, वर दुसरा हातही मारलेला होता. या गारठ्यात एवढं वाळायला आठवडे लागतात. क्लबघरात त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर डेन्मार्कहून आणलेला एक लांबलचक गडी बसला होता. त्यानं सभ्यपणे हात हलवला. बाकीचे सगळे आपापल्या कोकोत काहीतरी पडल्यासारखे पेल्यात बघत होते.

"कुठं उपसू?"

"तुला वाटेल तिथं," ओड्व्हार घाईनं म्हणाला. "तो डावा कोपरा राहिलाय."

तोर्ग्रिमनं बुटांची पिशवी फाटकाला अडकवली आणि तो उपसायला लागला. असा उपसायला लागला, की कुंपणापलीकडे पाद्र्याची गाडी दिसेनाशी झाली, आणि वरून चाललेल्या एका समुद्रपक्ष्यानं वाट बदलली. कोपरा झाला, पेनल्टीची चौकट झाली, गोलची रेषा उघडी पडली. जरा दमानं घे, असं त्याला कुणी म्हटलं नाही. शाबासही म्हटलं नाही.

"वाफली!" गुन्व्होर ओरडली. "कॉफी गार झाली तर मी पुन्हा करणार नाही, सांगून ठेवते!"

लोक माशांच्या उपड्या खोक्यांवर बसले. तिनं तोर्ग्रिमच्या वाफलीवर तपकिरी चीजच्या दोन चकत्या ठेवल्या. सुतक असलेल्या घरच्या माणसाला ती तेवढ्या ठेवते.

कॉफीबरोबर गोष्ट सांगायची पद्धत आहे, आणि ती सांगायची स्टाइनुल्फ कोळ्यानं. खेळाडू त्या वेळी काचेमागं असतात, त्यामुळं तोर्ग्रिमनं ती कधी ऐकली नव्हती. स्टाइनुल्फची त्याच्याकडे पाठ होती.

"शेजारच्या बेटाविरुद्धचा सामना. शेवटचं मिनिट. चेंडू येतो. आपला तोर्ग्रिम उडी मारतो. पस्तीस मीटरवरून, लेको! डोक्यानं! आपल्याच गोलकीपरच्या टाळक्यावरून, सरळ आपल्याच जाळ्यात! गोलकीपर अजून खाडीकडे बघतोय, चेंडू गेला कुठं म्हणून!"

सगळे खदखदून हसले. मग एकेकाला तोर्ग्रिम दिसला आणि एकेक जण गप्प झाला. शेवटी स्टाइनुल्फनं मान वळवली.

"तसा... वाराही होता म्हणा," तो पुटपुटला.

अंतर खरं तर सहा मीटर होतं. चेंडू गुडघ्याला लागून गेला होता. पंधरा मोसमांत तोर्ग्रिमनं अडवलेले चेंडू या खोक्यांत मावले नसते, पण न झालेल्या गोलची गोष्ट कोण सांगणार? त्यानं वाफलीचा घास गिळला. क्लबघरात दिवा लागला होता. प्रशिक्षक फळ्यापाशी उभा राहून संघाला काहीतरी समजावत होता.

"पस्तीस नाही," तोर्ग्रिम म्हणाला.

गुन्व्होरच्या हातातली किटली तशीच राहिली.

"चाळीस. आणि वारा समोरून होता."

स्टाइनुल्फनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग खोक्यावर तो थोडा सरकला, त्याच्या पलीकडचा सरकला, आणि तोर्ग्रिमला बसायला जागा झाली.