वाढीव मिनिटं

बाहेर.

"थांबायला नाही म्हणतायत," दुभाष्या म्हणाला. "ट्रक सकाळपासून उभा आहे. सरहद्दीवरचा परवाना आजच्यापुरताच आहे."

"एकच बाई राहिलीय म्हणावं. किरणांची शेवटची खेप आहे तिची."

"कोण बाई, म्हणून विचारतायत."

मशीन चालवणारे मिनिटवाले घुटमळले. "माझी बहीण."

परदेशी पथकाच्या प्रमुखबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. भाषा कळत नव्हती, पण चेहरा कळला असावा. त्यांनी मान हलवली आणि माणसांना चहा प्यायला पिटाळलं.

कॅन्सरच्या या रुग्णालयातलं किरणांचं जुनं मशीन आज कायमचं बंद होणार होतं. त्याच्या डोक्यात बसवलेला, बोटभर नळीतला किरण सोडणारा कोबाल्ट आता थकला होता. असा कोबाल्ट भंगारात गेला तर गावचं गाव आजारी पडायचं. म्हणून ज्या देशाने तो बनवला त्याने परत न्यायचं कबूल केलं होतं. शिशाची पेटी दुसऱ्या देशाची, ट्रक तिसऱ्याचा. एका बोटभर नळीसाठी एवढं वऱ्हाड.

आत.

"काय रे, परक्या बाईपुढे हात जोडलेस म्हणे?" ताई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली.

"जोडले. हलू नकोस."

"माझ्यापुढे नाही कधी जोडलेस. आई गेल्यावर तुझं नाक पुसलं ते मी."

"मग काय, आता पाया पडू?"

"पड की. खाली वाक, मला उठवत नाही."

ते हसले आणि तिची मान सरळ केली. गळ्याखालची गाठ त्यांच्या बोटांना लागली. होती तशीच होती. उतरायला वेळ लागतो, हे ते सगळ्यांना सांगत आले होते.

ताईच्या जावयाने राजधानीतल्या नव्या इस्पितळात तिची सोय केली होती. नको म्हणाले ते मिनिटवाले. भाऊ हयात असताना परक्याच्या दारात कशाला? जावई आठवडाभर रुसला होता.

"दुखतं का?"

"दुखायचं तेवढं दुखतं. पण तुझा हात हलका हो. शेजारची राजधानीला जाऊन आली, तिची मान पार भाजून निघालीय. माझ्या अंगावर साधा डाग नाही."

"मशीन जुनं असलं तरी माणूस बरा लागतो," ते म्हणाले. बोलताना त्यांचा ऊर भरून आला.

कोबाल्ट दर महिन्याला थोडाथोडा विझत जातो. जेवढा विझेल तेवढी मिनिटं वाढवायची, तक्ता बघून. किरण मोजायचं उपकरण त्यांच्या आधीच्या माणसाने दुरुस्तीला बाहेर पाठवलं होतं, ते कुठल्याशा बंदरात अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून भिस्त तक्त्यावर. त्यात त्यांची कधी कसूर झाली नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी येऊन नव्या महिन्याची मिनिटं लावून गेले होते. मिनिटवाले हे नाव पडलं ते त्यामुळेच. केस इथेच पांढरे झाले.

बाहेर.

जाड दार लागलं. लाल दिवा पेटला. छोट्या पडद्यावर ताई अंगणात निजल्यासारखी निवांत पडली होती. मिनिटवाल्यांनी डोळे मिटले नाहीत. दिवा विझेपर्यंत ते पडद्यासमोर उभे राहिले.

"झालं, ताई."

"म्हणजे आता बरी?"

"आता बरी."

तिला धरून त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. "बस जरा. या पाहुण्यांना वाटेला लावतो, मग घरी जाऊ."

आत.

प्रमुखबाईंनी मशीनच्या डोक्याभोवती त्यांचा किरण मोजायचा मीटर फिरवला. काटा जेमतेम हलला. त्या काहीतरी बोलल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

"म्हणतायत, म्हातारं झालं तरी घट्ट आहे. कुठून काही झिरपत नाही."

"निगा राखलीय म्हणावं. पोटच्या पोरासारखी."

शिशाची पेटी मशीनच्या डोक्याला भिडवली. सगळे आडोशाला गेले. एकाने लांब दांडा धरला आणि मशीनमधली नळी हळूहळू पेटीत ढकलू लागला. नळी मशीनमधून सुटून पेटीत शिरताना क्षणभर काटा उसळतो, घाबरू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

काटा उसळला नाही.

काय सफाई आहे, मिनिटवाल्यांना वाटलं. इतक्या लांबून माणसं उगाच बोलावत नाहीत.

दांडेवाल्याने मीटरवर टिचकी मारली. दुसरा मीटर आणवला. तिसरा. प्रमुखबाई एकच शब्द बोलल्या. दुभाष्याने तो सांगितला नाही.

मग त्या आडोशातून निघून सरळ पेटीकडे चालू लागल्या.

"अहो बाई! अहो, काय करताय!" मिनिटवाले ओरडले.

त्यांनी झाकण काढलं. आतली नळी उघड्या हाताने उचलली, अंगठ्याने पुसून तिच्यावरचा आकडा वाचला आणि ताईच्या टेबलावर मटकन बसल्या. बोलल्या त्या फार सावकाश.

दुभाष्या सांगू लागला. "हा कोबाल्ट नाही म्हणतायत. नुसता धातूचा तुकडा आहे. प्रवासात पेटीतला रिकामा खण भरायला घालतात तो. मागे नवा कोबाल्ट बसवायला आणला, तेव्हा चुकून हा आत ढकलला गेला. नवा कोबाल्ट पेटीतच राहिला आणि जुन्या कोबाल्टबरोबर परत गेला. परत आलेली पेटी तिकडे उघडायची नाही, सीलबंदच कोठारात लावायची, असा त्यांचा नियम."

बाहेरून ताईची हाक आली. "ए, आटप की रे! घरी सगळे वाट बघत असतील."

"विचारतायत," दुभाष्या खाली बघत म्हणाला, "कोबाल्ट शेवटचा बदलला कधी?"

"मी इथे नोकरीला लागलो ना," मिनिटवाले म्हणाले, "त्याच्या आदल्या आठवड्यात."