काही उरलं नाही

मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात शेवटची पंगत उठल्यावर शैलाताईंनी एकेक पातेलं वाकून पाहिलं. जिलबी संपलेली, मठ्ठा संपलेला. चारशे पानं जेवली आणि शीतही वाया गेलं नाही! वर्षभर त्यांनी यजमानांशी पानांच्या आकड्यावरून हुज्जत घातली होती, वाढप्यांना "आग्रह पुरे" म्हणून दटावलं होतं, ते आज फळलं.

मालकही खूश. "ताई, 'इथं अन्न वाया जात नाही' अशी दारावर पाटीच लावतो आता!"

दर लग्नाचं उरलेलं जेवण पलीकडच्या वृद्धाश्रमात जायचं. आज गाडी येणार नाही, हे सांगायला ताईंनी हौसेनंच फोन लावला. तिथला स्वयंपाक बघणाऱ्या आजींनी उचलला.

"काहीच नाही उरलं?"

"कणभरसुद्धा नाही, आजी!"

"छान झालं गं. अन्न टाकू नयेच." आजी जरा थांबल्या. "पंचांगात मुहूर्त बघून सगळ्या सकाळपासून ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्यात."

ताईंनी पुन्हा एकदा रिकाम्या पातेल्यांकडे पाहिलं.

"तू नको वाईट वाटून घेऊ. लग्न मोडलं म्हणून सांगते त्यांना. पोरीच्या काळजीत जिलबी विसरतील."