बाबांची ऐरण

लोहाराची तिन्ही पोरं रोज संध्याकाळी भट्टीजवळच्या ऐरणीला झोंबायची. "उचलेल तो खरा लोहार!" भाता ओढता ओढता बाबा डिवचायचे. पोरं लालबुंद व्हायची, खिदळायची. ऐरण तसूभरही हलायची नाही. मोठी होऊन सगळी पांगली. पन्नाशीला धाकट्या लेकीचे गुडघे कुरकुरू लागले, तशी तिने जिम गाठली. आधी नुसती दांडी उचलतानाच तिला घाम फुटला. पण महिन्यागणिक दांडीवर वजनं चढत गेली. आज बाबांचं दुकान रिकामं करायचं होतं. हमाल यायच्या आत तिने बाह्या सरसावल्या, पाठ ताठ ठेवली आणि ऐरण उचलली. खुर्चीतले बाबा बघतच राहिले. मग हसू लागले. "पोरी, मला तरी कुठे उचलवत होती!" "मग आम्हाला का डिवचायचात?" बाबांनी डोळे पुसले. "तुमची आई गेली आणि तुम्हाला झोप लागेना. दमलात की झोपायचात."