दिवा लागला का?

“आता बॅटरी काढा, बाबा. खालचे दोन्ही खटके एकदम सरकवा.”

मधुकररावांनी साधा, बिनकॅमेऱ्याचा मोबाइल स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला आणि लॅपटॉप पलंगावर उपडा केला. खटके त्यांना दाखवावे लागत नव्हते. विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांची हयात गेली होती. पंधरा दिवसांमागे वायरमध्ये पाय अडकला आणि लॅपटॉपची चार्जिंगची पिन आतून निखळली, तेव्हा ते कुणा मेकॅनिककडे गेले नाहीत. स्वतःच लॅपटॉप खोलला, पिनेला सोल्डर मारला, सगळे स्क्रू जागच्या जागी बसवले. पण तेव्हापासून तो मेल्यासारखा पडून होता. चार्जर लावला तरी समोरचा बारीक दिवा काही लागत नव्हता.

अमेरिकेत योगेंद्राच्या घरी आज मुलीचं बारसं होतं. तिकडे सकाळ, इकडे बोरगाव मेघेला संध्याकाळ. आजोबांना पाळणा कॅमेऱ्यावर दिसावा म्हणून मघापासून तो फोनवरून एकेक उपाय सांगत होता. प्लग बदलून झाला, पिन हलवून झाली.

“काढली बॅटरी.”

“चार्जरही काढा. आता कडेचं चालू करायचं बटन दाबून धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका.” मग वेळ घालवायला तो म्हणाला, “बाबा, सगळे म्हणतात पोरीची हनुवटी थेट आजीची, आपल्या आईची आहे. तुम्हीच बघून सांगा.”

मधुकररावांचा अंगठा बटनावर होता. योगेंद्राची आई, प्रमिलाबाई, याच पलंगावर महिनाभर झिजत होत्या. रोज या वेळेला त्या वेणी घालून घेत, कुंकू लावून घेत आणि उशीला टेकून लॅपटॉपसमोर बसत. पोराचा आवाज येई, “आई, आजही कॅमेरा खराब आहे गं.” पडद्यावर नुसता काळा चौकोन. त्या चौकोनाकडे बघूनच त्या हसत, जेवलास का विचारत. त्या गेल्या त्या दिवशीही चौकोन काळाच होता.

बायकोचे दिवस भरत आले म्हणून योगेंद्र तेरवीलाही आला नाही. पंगतीत त्याचा मित्र प्रफुल सहज बोलून गेला, “काका, योग्याले दाढी जमते बरं. महिनाभरापासून रोज पाहून राह्यलो मी त्याले कॅमेऱ्यावर.” मधुकररावांच्या हातातला वरणाचा पळा पत्रावळीवर तसाच तरंगत राहिला होता. ते कुणाला काही बोलले नाहीत. योगेंद्रालाही नाही.

“सोडा बटन. बॅटरी बसवा, चार्जर लावा.”

बॅटरी खट्‌कन बसली. मधुकररावांनी लॅपटॉप सुलटा केला, चार्जर खोचला, आणि पिवळा दिवा लागला.

त्यांची धाकटी बहीण लीलाबाई बारसं पाहायचं म्हणून ठेवणीतलं पातळ नेसून खुर्चीत बसली होती. दिवा पाहताच तिचा चेहरा उजळला, तोंड उघडलं. मधुकररावांनी बोट वर केलं. ती होती तशी थांबली.

“लागला का दिवा?”

मधुकररावांनी दिव्याकडे नीट पाहिलं.

“नाई.”

हे त्यांनी ठरवून ठेवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि गोड लागलं.

“असं कसं? चार्जरवर तरी लागला असेल ना?”

“तोही नाई.”

“बॅटरी एकदा पुसून लावा, बाबा.”

“पुसली.” मधुकरराव हात मांडीवर ठेवून बसले होते. “काहीच नाई.”

तिकडून बायकांचा गलका ऐकू येत होता. गुरुजी खोळंबलेत, असं कुणीतरी म्हणालं. योगेंद्राचा आवाज रडवेला झाला. “जरा थांबा म्हणावं त्यांना! बाबा, अजून एकदा करून बघा ना. तुमच्याशिवाय पाळण्यात कसं घालू तिला?”

“तू सांग. करून राह्यलो मी.”

लीलाबाई डोळे विस्फारून भावाकडे पाहत होती. असा आवाज तिने त्याचा कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता. गिऱ्हाइकाला माल नाही म्हणून सांगावं, तसा तो थंड होता.

“मी प्रफुलला फोन लावतो,” योगेंद्र म्हणाला. “त्याचा लॅपटॉप घेऊन येईल तो.”

“बोलाव त्याले. त्यालेच पुसतो, माहा पोरगा तुले रोज दिसे, त त्याच्या मायलेच काऊन नाई दिसला?”

तिकडचा गलका चालूच होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि गलका दूर गेला.

“बाबा…” इतका वेळ शहरी मराठी बोलणारा पोरगा एकदम घरचं बोलायला लागला. “मले आईले तसं पाहवल्या जात नव्हतं.”

“तुले तिले पाह्याचं नव्हतं,” मधुकरराव म्हणाले. “तिले तुले पाह्याचं होतं.”

बंद दाराआडून बाळाचं रडणं येत होतं. कुणीतरी दार ठोठावून योगेंद्राला हाका मारत होतं. फोन त्याने ठेवला नाही.

“भाऊ,” लीलाबाई हळूच म्हणाली, “त्या लेकराचं त तोंड पाहा.”

मधुकररावांना लेकराचं तोंड नको होतं. लेकाचं या घडीला कसं झालं असेल, ते डोळे भरून पाहायचं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपच्या झाकणावर पंजा टेकून, उघडावं की दाबून धरावं हे न कळून, ते बसून राहिले.