कारण अज्ञात

तीस वर्षं मी मधुमेहावर संशोधन केलं. पेशंटना दर सोमवारी फोन करायची पद्धत माझीच. जेवलात का, चाललात का, झोप लागली का? साखर आटोक्यात आली की फोन बंद.

पण दरवेळी काही म्हातारी माणसं अशी निघायची, की महिनोन्‌महिने साखर उत्तम आणि नेमकी शेवटच्या तपासणीला वर. सगळं मुसळ केरात! मी त्यांच्यावर खेकसायचो आणि अहवालात लिहायचो, 'कारण अज्ञात'.

मी निवृत्त झालो, बायको गेली, मधुमेह मलाही जडला. आता माझ्याच जुन्या विभागातली एक मुलगी मला फोन करते. मी कोण, हे तिला ठाऊक नाही.

गेल्या सोमवारी म्हणाली, "काका, जेवलात ना? आणि एक आनंदाची बातमी. शुक्रवारची उपाशीपोटीची तपासणी नीट आली, की सुटलात आमच्या कटकटीतून!"

"वा वा," मी म्हटलं.

त्यानंतर शुक्रवारपर्यंत फोन वाजला नाही.



तपासणीला निघण्याआधी मी चहा टाकला आणि त्यात चार चमचे साखर घातली.